टेबलावरचा पांढरा दगड

माझ्या टेबलावर कित्येक वर्षे एक पांढराशुभ्र दगड आहे. बोटीवर नोकरीस असलेल्या मामांनी तो मला लहानपणी आणून दिला. त्याच्या सर्वांगावर बारीक भोके असून प्रत्येक भोकात चांदणीसारख्या रेघा आहेत. पुढे मी शिक्षक झालो, तेव्हा कागद दाबण्यासाठी तो दगडही माझ्याबरोबर शाळेत आला.

१९८८ साली सातवीतील एका मुलाने तो हाती घेऊन विचारले, "गुरुजी, हा दगड की झाड?"

"समुद्रातला दगड," मी म्हणालो.

"मग याला इतकी भोके कोणी पाडली?"

मला उत्तर ठाऊक नव्हते, आणि तसे सांगण्याचे धैर्यही नव्हते. "बस खाली," एवढेच मी म्हणालो. त्या मुलाने वर्षभरात मला दुसरा प्रश्न विचारला नाही.

ती भोके कोणी पाडलेली नव्हतीच. ती घरे होती. प्रवाळ हा दगड नव्हे, झाडही नव्हे. तो प्राणी आहे. त्याचे मऊ शरीर इवल्याशा पिशवीसारखे असते. तिला एकच तोंड आणि तोंडाभोवती नाजूक स्पर्शकांचे कडे. समुद्राच्या पाण्यात विरघळलेला चुना घेऊन हा जीव आपल्या अंगाखाली दगडी पेला घडवितो आणि त्यातच राहतो. एकाचे दोन, दोहोंचे चार होतात. जुन्या पेल्यांवर नवे मजले चढतात. जिवंत थर काय तो वरचा, खाली सारा पूर्वजांचा वाडा! (अंगठीतले तांबडे पोवळे याच्याच दूरच्या नात्यातले, पण ते अशा भिंती बांधीत नाही.)

काही जातींचे बांधकाम वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर चढते. तरीही ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगत सुमारे २,३०० किलोमीटरपर्यंत पसरलेल्या प्रवाळभित्ती याच गवंड्यांनी उभारल्या, आणि आपल्या लक्षद्वीपाची भूमीही त्यांचीच. समुद्रातला ज्वालामुखी हळूहळू खचत जातो आणि त्याच्या माथ्यावर प्रवाळ वर वर बांधीत राहतो, असे चार्ल्स डार्विनने १८४२ साली मांडले होते. पुष्कळांना ते पटले नाही. १९५२ साली प्रशांत महासागरातील एनिवेटोक या कंकणद्वीपावर खोल छिद्र घेतले, तेव्हा १,२०० मीटरांहून अधिक चुनखडीच्या खाली ज्वालामुखीचा खडक लागला.

हे सारे मी निवृत्तीनंतर वाचले. डोळ्यांनी पाहिले ते मालवणला. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडी थांबवून, नावाड्याच्या आग्रहाने काचेचा मुखवटा चढवून, या वयात मी पाण्यात डोके घातले. नाकातोंडात पाणी गेले, ते सोडून देऊ. खाली तपकिरी, हिरवट, पिवळसर अशी प्रवाळांची वस्ती पसरली होती. माझ्या दगडासारखा पांढरा प्रवाळ मला एकाच ठिकाणी दिसला. मी बोट दाखविले, तेव्हा नावाडी म्हणाला, "काका, तो आजारी आहे. पाणी तापलं की असा होतो."

प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. सूर्यप्रकाशात ते अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानास देते. त्याचा रंग, तोच बहुधा प्रवाळाचा रंग. उन्हाळ्यातील नेहमीच्या उष्णतेहून पाणी एखाददुसऱ्या अंशाने अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, की हा बिऱ्हाडकरू घर सोडतो. प्रवाळ पांढरा पडतो, पण लगेच मरत नाही. पाणी वेळीच निवले तर शैवाल परत येते. न निवले तर तो उपाशी मरतो. लक्षद्वीपात १९९८, २०१० आणि २०१६ या साली असे संकट आले.

ज्या शुभ्रतेचे मी इतकी वर्षे कौतुक केले, ती ओसाड घरांची शुभ्रता होती.

तो मुलगा आज कोठे असतो, मला ठाऊक नाही. दगड अजून टेबलावर आहे, पण आता मी त्याखाली कागद ठेवीत नाही. परवा नातीने भिंग मागून घेतले आणि रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेतील घरे मोजावयास बसली. सत्तरपर्यंत आली, मध्येच चुकली, आणि तिने पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला.