तक्रार क्रमांक

आमच्या घरासमोरील रस्त्यावरचा दिवा गेल्या पावसाळ्यांत विझला, तेव्हां खुर्चीवरून न उठतां आम्हीं महापालिकेच्या ॲपवर तक्रार टाकली. लगेच क्रमांक मिळाला आणि तिसऱ्या दिवशीं दिवाही लागला! लहानपणीं वडिलांचें बोट धरून वॉर्ड ऑफिसांत तासन् तास ताटकळलेल्या आम्हांस हा चमत्कारच वाटला, व पुढें आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्यास आम्ही ही कथा ऐकवीत होतों.

भाजीवाल्या मावशींपुढें मात्र ही हौस आमच्या अंगाशीं आली. “सर, आमच्या गल्लीतला दिवा दिवाळीपासून बंद आहे,” त्या म्हणाल्या. पाय मुरगळून मध्यंतरीं दोन आठवडे त्या दिसल्या नव्हत्या, तें त्याच अंधारामुळें. पूर्वी वायरमनला वाटेंत गांठून सांगतां येई. आतां तो “ॲपवर टाका” म्हणतो, आणि मावशींचा फोन केवळ बोलण्यापुरता. त्यांची गल्ली आमच्या मागच्या भिंतीला लागून आहे. आम्ही तिकडून कधीं जात नाहीं, इतकेंच.

अमेरिकेंतील बॉस्टन शहराची एक हकीकत आम्ही वर्गांत मोठ्या चवीनें सांगत आलों आहों. तेथें २०१२ च्या सुमारास ‘स्ट्रीट बम्प’ नांवाचें ॲप निघालें. धांवत्या मोटारींतील फोनला हिसका बसला कीं खड्ड्याची जागा आपोआप नोंदली जावी, अशी योजना. पण स्मार्टफोनवाले जेथून जाणार, तेथलेच खड्डे त्याला दिसणार; गरिबांच्या व वृद्धांच्या वस्त्यांतील रस्ते कागदोपत्रीं गुळगुळीत ठरावयाचे! हा धोका ओळखून शहराच्या कारभाऱ्यांनीं तें ॲप प्रथम सर्व भागांत सारखेंच हिंडणाऱ्या आपल्या रस्तेनिरीक्षकांच्या हातीं दिलें. हें शिकवितांना आमच्या डोळ्यांसमोर बॉस्टनचेच खड्डे असत.

२०१५ सालीं सुरू होऊन मार्च २०२५ मध्यें संपलेल्या स्मार्ट सिटी योजनेंत आपल्याकडील शंभर शहरांत नियंत्रण-कक्ष उभे राहिले. त्यांतील भिंतीएवढ्या पडद्यांस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु तक्रारींवरून शहर पाहावयाचें, तर मावशींची गल्ली तेथें सुखी दिसणार. तेंच ॲप वायरमनच्या हातीं देऊन त्याला आठवड्यांतून एकदां सगळ्या गल्ल्या हिंडावयास लावणें कांहीं फार खर्चाचें नाहीं.

तूर्त मावशींची तक्रार आम्हींच नोंदवली. गेल्या सोमवारीं दिवा लागला. आपण समाधानी आहांत काय, असें विचारणारा संदेश आमच्या फोनवर आला.