लाल पेन्सिल

दिवाळीची साफसफाई निघाली की प्रत्येक घरात एखादे तरी भांडण निघतेच. आमच्या घरी यंदा ते एका पत्र्याच्या ट्रंकेवरून निघाले. इंदिरानगरात आम्ही राहायला आलो तेव्हापासून ही ट्रंक माळ्यावर आहे, आणि दरवर्षी वसुबारसेच्या सुमारास माझा मुलगा तिच्याकडे पाहून एकच वाक्य म्हणतो, "आई, आता तरी ही रद्दी काढ." मीही दरवर्षी एकच उत्तर देते, "ती रद्दी नाही, माझी एकतीस वर्षांची नोकरी आहे." एवढे म्हटले की पुढे बोलणे खुंटते.

यंदा मात्र सूनबाई मध्ये पडली. ती एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवते आणि प्रबंधही लिहिते आहे. विषय आहे, परभाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या लेखनातल्या चुका. ती शिडीवर चढली, ट्रंकेचे झाकण उघडून आत डोकावली आणि खजिना सापडावा तशी ओरडली, "आई! अहो, या तर मुलांच्या निबंधाच्या वह्या!"

होत्याच त्या. मी नाशिकच्या एका शाळेत 1978 ते 2009 इंग्रजी शिकवले. दरवर्षी वर्ग संपला की पाच-सहा वह्या मी ठेवून घेत असे. काही चांगल्या म्हणून, काही भयंकर म्हणून. नव्या शिक्षकांना दाखवायला त्या उपयोगी पडत. दोन्ही प्रकारच्या वह्यांत एक गोष्ट सारखी होती, ती म्हणजे माझी लाल पेन्सिल. इतर शिक्षक लाल शाई वापरीत. मला पेन्सिल बरी वाटे, कारण ती कागदावर दाबता येते.

सूनबाईने त्या वह्या दिवाणखान्यात मांडल्या आणि आठ दिवस ती चुका मोजीत बसली. मध्येच एकदा मान वर करून म्हणाली, "आई, काही पानांवर मुलाच्या निळ्या अक्षरांपेक्षा तुमची लाल अक्षरं जास्त आहेत. मोजू कुणाची?"

मी हसले, पण ते वाक्य मला लागले. मग तिने माझ्यापुढे काही लेख ठेवले. पिट कॉर्डर नावाच्या इंग्रज विद्वानाने 1967 साली एक निबंध लिहिला होता. त्याचे म्हणणे असे की, शिकणाऱ्याची चूक म्हणजे नुसता निष्काळजीपणा नव्हे. पोर आपल्या मनाशी त्या भाषेचा काही नियम बांधते आणि त्या नियमाप्रमाणे बोलते. नियम अपुरा असतो, पण तो असतो. पुढे 1972 साली सेलिंकर या अमेरिकन विद्वानाने या अर्धवट भाषेला स्वतंत्र नावच दिले. मायबोलीही नव्हे आणि परभाषाही नव्हे, अशी ती शिकणाऱ्याची मधली भाषा. चूक म्हणजे तो कुठवर पोहोचला आहे, हे सांगणारा रस्त्यावरचा मैलाचा दगड.

मैलाचा दगड! आणि मी एकतीस वर्षे ते उखडून टाकीत होते.

वाचकहो, आपल्या मराठी मुलांची ही मधली भाषा मोठी मजेची असते. "मी आजच आलो" यातला तो एक अक्षरी 'च' इंग्रजीत न्यायचा कसा? मुलगा म्हणतो, "आय केम टुडे ओन्ली." इंग्रज कपाळाला हात लावील, पण मुलाच्या डोक्यात 'च' म्हणजे 'ओन्ली' हा नियम चोख बसला आहे. "मला दोन भाऊ आहेत" याचे तो "आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स" करतो, कारण वर्गात 'अ‍ॅम' आणि 'इंग' आम्हीच त्याच्याकडून शंभर वेळा घोकून घेतलेले असते. 'अ', 'अ‍ॅन' आणि 'द' यांचे तर विचारूच नका. मराठीत या तिघांना कुणी ओळखत नाही, तेव्हा ते कुठे बसवायचे हे मुलाने अंदाजानेच ठरवायचे. आणि "तू घरात कितवा?" हा साधा प्रश्न इंग्रजीत विचारून पाहा. 'कितवा' हा शब्दच त्या श्रीमंत भाषेत नाही. हे मी वर्गात एकदाही सांगितले नाही. सांगितले असते तर पोरांना केवढा धीर आला असता!

नवव्या दिवशी सूनबाईने एक वही वेगळी काढून माझ्या हातात दिली. 1986 सालची, आठवीच्या वर्गातली, हजेरी क्रमांक 36. वर कव्हराला वर्तमानपत्राचा कागद.

"ही जरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचा," ती म्हणाली आणि चहा करायला आत गेली.

पहिला निबंध ऑगस्टमधला, 'अवर फार्म'. दीड पान. मुलगा खेड्यातून बसने येत असे, एवढे मला आठवले. त्याने लिहिले होते, "ग्रँडफादर नाइट ओन्ली वॉटर गिव्ह्ज टू ग्रेप्स, बिकॉज लाइट कम्स नाइट ओन्ली. आय होल्ड बॅटरी. ग्रँडफादर से, स्नेक सी, देन फूट पुट." शेतात वीज रात्रीच येते, म्हणून आजोबा रात्रीच द्राक्षांना पाणी देतात. नातू बॅटरी धरतो. आजोबा सांगतात, आधी साप आहे का पाहा, मग पाय टाक. सगळे शेत, सगळी रात्र त्या दीड पानात होती. आणि त्यावर माझ्या सत्तावीस लाल खुणा. 'लाइट'च्या जागी 'इलेक्ट्रिसिटी', 'बॅटरी'च्या जागी 'टॉर्च'. खाली शेरा, 'केअरलेस'. सापाबद्दल मी एक अक्षरही लिहिले नव्हते.

सप्टेंबरचा निबंध एक पानाचा. नोव्हेंबरचा अर्धा पान. फेब्रुवारीचा शेवटचा निबंध पाच ओळींचा. विषय होता आवडता प्राणी. "धिस इज अ काऊ. इट हॅज फोर लेग्ज. इट हॅज टू हॉर्न्स. इट गिव्ह्ज मिल्क. आय लाइक इट." एकही चूक नाही. खाली मी दोनदा अधोरेखित करून लिहिले होते, 'गुड इम्प्रूव्हमेंट'.

चहा घेऊन सूनबाई बाहेर आली. मी काही बोलले नाही, तीही बोलली नाही. थोड्या वेळाने तिनेच हळू आवाजात सांगितले की याचाही अभ्यास झालेला आहे. जॅकलिन शाक्टर नावाच्या बाईंनी 1974 साली दाखवून दिले, की एका विशिष्ट वाक्यरचनेत चिनी आणि जपानी विद्यार्थ्यांच्या चुका फारसी आणि अरबी विद्यार्थ्यांपेक्षा कमी भरतात. पण त्याचे कारण त्यांना ती रचना चांगली येते हे नव्हे. ते ती वापरायचेच टाळतात! चुकांची गोळाबेरीज करणाऱ्याला हे टाळणे दिसतच नाही. छत्तीस नंबर चुकायचा थांबला होता, कारण तो सांगायचा थांबला होता. आजोबांचे शेत त्याने माझ्यापुढे पुन्हा कधी मांडले नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून मी सूनबाईशी भांडले. म्हणाले, "मग काय, चुका तशाच सोडायच्या? बोर्डाच्या परीक्षेत मार्क कापतात, तेव्हा तुझे विद्वान कुठे असतात?" तिने शांतपणे सांगितले की विद्वानांतही हे भांडण आहेच. 1996 साली ट्रस्कॉट नावाच्या अभ्यासकाने लिहिले, की परभाषेतल्या निबंधाचे व्याकरण तपासून देण्याचा उपयोग होत नाही, उलट अपायच होतो. 1999 साली डाना फेरिस या विदुषीने त्याला उत्तर दिले, की इतक्या घाईने असा निकाल देऊ नये. मला फेरिसबाई अधिक पटल्या. पेन्सिल हवीच. पण सत्तावीस ठिकाणी नको, आणि सापाच्या आधी तर नकोच.

आमच्या गच्चीवरून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. तिथल्या सतराव्या लेण्यात एका यवनाचा लेख आहे. उत्तरेकडून आलेल्या, धर्मदेवाच्या पुत्राने, इंद्राग्निदत्ताने आपल्या दानाची नोंद कोरून ठेवली, ती इथल्या लोकांना कळणाऱ्या प्राकृतात. कोरण्याआधी मजकूर त्याने कुणा जाणत्याकडून लिहून घेतला असेल, हे मला समजते. पण दगडावर लाल पेन्सिल चालत नाही, याचे त्या संध्याकाळी मला मोठे समाधान वाटले.

हे सगळे इथेच संपायचे, पण आमच्या पोळीवाल्या ताईंमुळे संपले नाही. त्यांचे चार्वाक चौकाच्या बाजूला पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे पाचला त्यांचा तवा तापतो. एकुलती मुलगी इंग्रजी शाळेत चौथीला. त्या शाळेची फी ताई पोळ्या लाटून भरतात. एका संध्याकाळी डबा द्यायला आल्या त्या मुलीची शाळेची डायरी घेऊनच.

"बाई, बघा ना," त्या अभिमानाने म्हणाल्या, "तीन महिने झाले, टीचर सारखं चांगलंच लिहितात. माझी पोर कॉपी करत नाही!"

मी डायरी पाहिली. शेरा होता, "शी डझ नॉट कॉपी फ्रॉम द बोर्ड." फळ्यावरचे उतरवून घेत नाही. तीन वेळा लिहिलेला, तिसऱ्यांदा खाली रेघ मारून. आपल्याकडे 'कॉपी' म्हणजे परीक्षेतली लबाडी, दुसरा अर्थच नाही. ताईंनी इंग्रजी अक्षरे जुळवून 'नॉट' आणि 'कॉपी' हे दोन शब्द बरोबर वाचले होते, आणि तिन्ही वेळा खाली सही करून, लेकीला पेढा दिला होता.

मी अर्थ सांगितला. त्यांचा चेहरा उतरला. मुलीला जवळ बोलावून मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केले आणि तारीख विचारली. ती चार पावले पुढे गेली, मग आणखी दोन, आणि मग म्हणाली, "अठरा." पोरीला फळा दिसतच नव्हता. पालकसभेत सगळे बोलणे इंग्रजीत, म्हणून ताई मागच्या बाकावर बसून परत येत. मुलगी वर्गात मागच्या बाकावर, आई सभेत मागच्या बाकावर.

"बाई, मला शिकवा," त्या म्हणाल्या.

मी दुसऱ्या दिवशी उत्साहाने 'आय अ‍ॅम, यू आर, ही इज' सुरू केले. तिसऱ्या संध्याकाळी ताई खुर्चीतच पेंगल्या. पहाटे पाचपासून उभे असलेले माणूस 'ही इज' वर किती वेळ जागे राहणार? सूनबाई स्वयंपाकघरातून पाहत होती. रात्री तिने मला एन. एस. प्रभू यांच्याबद्दल सांगितले. इंग्रजी शिकवण्याच्या शास्त्रात जगभर ज्यांचे नाव घेतात असे हे आपल्याकडचे गृहस्थ. 1979 ते 1984 या काळात बंगळूर आणि तेव्हाचे मद्रास इथल्या साध्या शाळांत त्यांनी एक प्रयोग केला. व्याकरणाचे पाठ नाहीत, घोकंपट्टी नाही. मुलांपुढे रेल्वेचे वेळापत्रक किंवा नकाशा ठेवायचा आणि एखादे कोडे घालायचे. अमुक वाजता पोहोचायचे तर कोणती गाडी धरावी? मन अर्थात गुंतले, की भाषेची रचना आपोआप मनात उतरते, हे त्यांचे सूत्र. नंतर तपासणी झाली तेव्हा दोन्ही गट आपापल्या पद्धतीच्या परीक्षेत पुढे राहिले. मधल्या, निःपक्ष परीक्षांत पारडे थोडे प्रभूंच्या मुलांकडे झुकले. फार मोठा चमत्कार नव्हे, पण खरा. बंगळूरची पोरे गाडी पकडीत होती, त्यानंतर दोनच वर्षांनी मी छत्तीस नंबरच्या 'लाइट'ची 'इलेक्ट्रिसिटी' करीत होते.

मी पाढे बंद केले. ताईंपुढे डायरी ठेवली, शाळेची सूचना ठेवली, औषधाच्या बाटलीवरचा कागद ठेवला. सहल किती वाजता? डबा न्यायचा की नाही? गोळी जेवणाआधी की नंतर? ताई पेंगल्या नाहीत. त्या अडत, मराठीत विचारीत, मी मराठीत सांगे. आमच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला मराठी बोलणाऱ्याला चार आणे दंड होता. तो वसूल करणारी मीच होते, तेव्हा त्याविषयी अधिक न लिहिलेले बरे.

दीड महिन्याने ताई एक कागद घेऊन आल्या. चिठ्ठी त्यांनी एकटीने लिहिली होती. "रिस्पेक्टेड टीचर, माय डॉटर बोर्ड नॉट सीइंग. शी नॉट लेझी. आय डॉक्टर गिव्ह चष्मा, संडे ओन्ली कम. प्लीज फर्स्ट बेंच गिव्ह."

"किती चुका आहेत, बाई?"

माझा हात टेबलावर गेला होता. तिथे पेन्सिल होती. चिठ्ठीत चुका किती होत्या हे मला एका नजरेत कळले. एकतीस वर्षांची सवय आहे. पण मुलीला दिसत नाही, ती आळशी नाही, चष्मा रविवारी येतो आहे, तोवर पुढे बसवा, हे सारे त्यात होते. आईने सांगायचे काहीच राहिले नव्हते.

"अशीच द्या," मी म्हणाले. "चुका उत्तर आल्यावर सांगते."

दोन दिवस ताई आल्या नाहीत. मला धास्ती वाटू लागली. चिठ्ठी हसण्यावारी नेली असेल, तर त्याचे पाप माझ्याच माथी. तिसऱ्या संध्याकाळी घंटा वाजली. ताई दारातच उभ्या, हातात डायरी, पाठीमागे मुलगी. चष्मा अजून आलेला नव्हता.

डायरीत टीचरचे उत्तर होते. सुबक अक्षर, तीन वाक्ये. वेळेवर कळवल्याबद्दल आभार मानले होते. तिसऱ्या वाक्यात लिहिले होते, "फ्रॉम टुमॉरो शी विल सिट ऑन फर्स्ट बेंच."

'फर्स्ट'च्या आधी 'द' हवा होता. मी मान वर केली तर स्वयंपाकघराच्या दारात सूनबाई उभी होती आणि माझ्या हाताकडे पाहत होती. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले.

"काय लिहिलंय, बाई?"

"तुम्हीच वाचा," मी म्हणाले.

ताईंनी पदराला हात पुसले, डायरी दिव्याखाली धरली आणि एकेका शब्दावर बोट ठेवीत वाचायला सुरुवात केली.