पियानो ब्लॅक आणि एक ‘अ’

तर मंडळी, आठवडाभर कीबोर्ड बडवणाऱ्या माणसाला शनिवारी हाताने काहीतरी करायची खाज सुटते. कोणी ब्रेड भाजतं, कोणी राजगड चढतं. मी बाबांच्या गाडीच्या आतलं प्लास्टिक रंगवलं. गोष्ट 2024 ची आहे.

गाडी डिसेंबर 2009 ची, आमच्या घरातली पहिली. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, मग पुन्हा तपासणी करून पाच वर्षं वाढवून घ्यावी लागते. माझं म्हणणं होतं, आता विकून टाका. बाबा म्हणायचे, "बघू." आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे ‘नाही’! पण त्या जूनमध्ये एकदम म्हणाले, "विकून टाक. रात्री समोरचे दिवे फुटतात डोळ्यात." मोतीबिंदू. वाद मी जिंकलो होतो, पण जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

असो. विकायची तर जरा नटवून विकावी, म्हणून एसीच्या बटणांभोवतीचं करडं, ओरखडलेलं पॅनल काढलं. ठरवलं की याला नव्या गाड्यांसारखं चकचकीत पियानो ब्लॅक करायचं. नाना पेठेतून प्रायमर, काळा रंग आणि क्लिअर लॅकरचे स्प्रे आणले. हार्डनरवाला क्लिअर कोट जास्त टिकतो हे खरं, पण त्यात आयसोसायनेट असतं आणि साधा मास्क त्याला पुरत नाही. घरच्या गच्चीवर तो उद्योग नको.

पहिला धडा: पॅनल उलटं करून बघा. मागे प्लास्टिकचं नाव कोरलेलं असतं. माझं निघालं एबीएस, म्हणजे नशीब. एबीएस रंग नीट धरतं. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असतं, तर आधी अधेजन प्रमोटरचा हात द्यावा लागला असता, नाहीतर रंग सालपटासारखा निघतो.

दुसरा धडा अर्थातच चुकून मिळाला. रंग मारला आणि पृष्ठभागावर माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे! पंधरा वर्षं आम्ही भक्तिभावाने चोपडलेलं डॅशबोर्ड पॉलिश. त्यातलं सिलिकॉन रंगाला जवळ येऊ देत नाही. तिसरा धडा त्याच संध्याकाळी. जुलैतला पाऊस उघडल्या उघडल्या क्लिअर मारला, तर सगळ्यावर दुधी साय. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं. थोडक्यात, टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनला टाकलं होतं. सगळं खरवडलं आणि माळ्यावर ठेवून दिलं.

सप्टेंबरमध्ये बाबांचं ऑपरेशन झालं. ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात मी पुन्हा बसलो. आधी साबणाच्या पाण्याने धुतलं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. 400 चा आणि 800 चा वॉटर पेपर, खोल ओरखड्यांत पुट्टी, प्रायमर, पुन्हा घासणं. काळ्याचे तीन पातळ हात, क्लिअरचे चार, प्रत्येकात दहा-पंधरा मिनिटं. आठवडाभर हात लावला नाही. मग 2000 चा पेपर पाणी लावून आणि शेवटी रबिंग कंपाउंड. भारी दिसत होतं, खरंच. त्यात स्वतःचा चेहरा बघून घेतला.

पॅनल बसवून बाबांना खाली बोलावलं. ते बाजूच्या सीटवर बसले, मान तिरकी केली, आणि हसले.

"अजून दिसतोय की रे."

"काय?"

"तुझा ‘अ’."

चौथा धडा, सगळ्यात महागाचा: चमक काही लपवत नाही, उलट दाखवते. मॅटमध्ये खपून जाणारी रेघसुद्धा ग्लॉसमध्ये प्रकाश तिरका पडला की उठून दिसते. घाईत भरलेली पुट्टी वाळून आक्रसली होती आणि 2010 साली मी कर्कटकाच्या टोकाने कोरलेला ‘अ’ हलकासा वर आला होता. नव्या गाडीवर! तेव्हा खाल्लेला धपाटा मला पक्का आठवत होता. अक्षर मात्र मी साफ विसरलो होतो. पुट्टी भरताना तो एक ओरखडा होता, बस.

बाबा विसरले नव्हते. रोज गिअर टाकताना ते त्यांच्या समोर होतं.

"पुन्हा घासून भरतो," मी म्हटलं. "घेणाऱ्याला दिसायला नको."

त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. "डॉक्टर म्हणालेत, आता गाडी चालवायला हरकत नाही," असं डॅशबोर्डकडे बघतच म्हणाले. आणि मग, "बघू."

या वेळी ‘बघू’चा अर्थ मला लगेच कळला. डिसेंबरमध्ये फिटनेस तपासणी करून नोंदणी वाढवून आणली. ‘अ’ तसाच आहे. दुपारी चारच्या उन्हात मस्त दिसतो.