हेंडनचं विमान

लंडनला कुणाकडे गेलात, तर राजवाडा पाहालच. पण मुलगा बरोबर असेल तर एक दिवस हेंडनच्या विमानदल संग्रहालयासाठी ठेवा. कॉलिनडेल स्टेशनपासून चालत जाता येतं. आणि प्रवेश फुकट, बरं का!

तिथं १९४० च्या हवाई लढाईतलं स्पिटफायर आहे. पंखांची लांबी सदतीस फूट, पण बसायची जागा इतकी अरुंद, की खांदे कसे मावत असतील? विशी-बाविशीतली पोरं ती! जुलै ते ऑक्टोबरमध्ये ५४४ जण गेले.

दुकानात तेच विमान खोक्यात मिळतं, बहात्तर पटींनी लहान. आमच्या चिरंजीवांनी हट्टानं घेतलंच. नणंदेच्या जेवणाच्या टेबलावर कारखाना सुरू! एक सांगते, सुटे भाग पिळून तोडू देऊ नका, नेलकटरनं कापा. आधी साबणाच्या पाण्यात धुतले की रंग नीट धरतो. डिंकाला उग्र वास येतो, खिडकी उघडी ठेवा.

काचेचं छत चिकटवून झालं आणि पाहते तो काय, पेराएवढा वैमानिक बशीतच!

“आई, छत काढू का?”

“राहू दे रे,” मी घाईघाईनं म्हटलं.

विमान त्याच्या कपाटावर आहे. वैमानिक माझ्या शिवणाच्या डब्यात, बटणांमध्ये.