घरचे, बाहेरचे आणि खिडकीतले

कल्याणच्या खिडकी वड्याला त्याचे नाव घराच्या एका खिडकीने दिले आहे. वडे राहत्या घरात तळले जात आणि खिडकीतून रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाच्या हाती पडत. गिऱ्हाईक उंबरा ओलांडत नसे आणि तळणाराही रस्त्यावर येत नसे. सारा व्यवहार त्या चौकटीत उरकायचा. खाण्यापिण्याविषयी बोलताना आपण ‘घरचे’ आणि ‘बाहेरचे’ अशी वाटणी किती सहज करतो! हा वडा त्या वाटणीत कोठे बसवावा, हे आम्हांला अजून नीटसे ठरवता आलेले नाही.

वाटणीला आधार नाही असे नव्हे. ठाण्यात मामलेदार कचेरीलगतची मिसळ खायला गेलेल्या माणसाला तिखट किती हवे एवढेच विचारले जाते. शेजारच्या अनोळखी माणसाच्या डोळ्यांतही आपल्याइतकेच पाणी असते आणि तेवढी ओळख पुरते. सणाच्या ताटाचे तसे नाही. मीठ कोठे, चटणी-कोशिंबीर कोणत्या बाजूला, भाजी कोणत्या, वरणभात केव्हा, गोड केव्हा, हे सारे ठरलेले. आग्रह कोणी कोणाला करायचा हेही ठरलेले. आणि वाढणारीने सर्वांत शेवटी, आमटी निवल्यावर जेवायचे, हे तर कोणी ठरवल्याचेही कोणाला आठवत नाही.

पण इतिहास पाहू गेल्यास हे दोन्ही प्रांत वाटतात तितके दूर नाहीत. दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी 1966 साली वडापाव विकायला सुरुवात केली असे सांगितले जाते. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ 1970 साली प्रसिद्ध झाले. एक खाणे चालत्या माणसाच्या मुठीत मावणारे, तर दुसरे पुस्तक ओट्याशी उघडे ठेवून वाचायचे. तरीही दोहोंमागे आम्हांला एकच स्थित्यंतर दिसते. एकत्र कुटुंबाचा वाडा सुटला, दोन खोल्यांचा संसार सुरू झाला, मुंबईतल्या नोकरीसाठी ठाणे-डोंबिवली-कल्याणहून लोकल पकडणे आले. घरी शिकवायला सासू नव्हती आणि संध्याकाळी गाडीतून उतरताना भूक मात्र होती. पुढे डोंबिवलीत गल्लोगल्ली निघालेली पोळीभाजी केंद्रे ही याच कथेची उत्तरार्धातली प्रकरणे होत. तेथल्या पोळ्या कोणत्या तरी गृहिणीनेच लाटलेल्या असतात. फक्त ती आपल्या घरातली नसते, इतकेच.

डोंबिवलीची दिवाळीही अशीच दोहोंकडची. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान करून, पायाखाली कारीट फोडून तरुण मंडळी नवे कपडे घालून फडके रोडवर जमतात. गणेशमंदिराचे दर्शन आणि एकमेकांचे दर्शन दोन्ही साधते. मग घरोघरी फराळाच्या ताटल्या मांडल्या जातात. उत्सवाचा पहिला प्रहर रस्त्याचा, दुसरा घराचा.

आई गेली त्या वर्षी आमच्याकडे दिवाळीला कढई चढली नाही. वर्षाच्या आत घरात तळण करू नये, फराळ नातेवाइकांनी व शेजाऱ्यांनी आणून द्यावा, असा रिवाज. त्याप्रमाणे डबे आले. पाच घरांच्या पाच चकल्या. एक कडक, एक नरम, एकीत ओवा सढळ. कल्याणची आत्या अनारसे घेऊन आली आणि येताना खिडकी वडेही बांधून घेऊन आली. हे कसे चालते, असे कोणी तरी विचारले. ‘तळण तुमच्या घरात झालेले नाही ना?’ आत्या म्हणाली. शास्त्राच्या दृष्टीने उत्तर बिनतोड होते.

आम्ही सारे जमिनीवर गोल बसलो. वडे कागदातच होते. वाढायला काही नव्हते, म्हणून वाढणारे कोणी नव्हते. ज्याने त्याने हात पुढे करून घेतले. बाबांनी एक वडा उचलून आत्याला दिला. त्या घरात सणाच्या दिवशी सारी माणसे एकाच वेळी जेवायला बसल्याचे आम्हांला त्याआधीचे आठवत नाही. ही गोष्ट सर्वांच्या एकदमच ध्यानात आली असावी, कारण काही काळ कोणी बोलले नाही.

वर्ष सरल्यावर कढई चढली. आता चकल्या घरी होतात, पुरणपोळ्या केंद्रातून येतात आणि भांडी मधोमध ठेवून सर्वांनी एकाच पंगतीत बसायचे असा आमचा प्रघात पडला आहे. विकतच्या पुरणपोळीला घरची चव नाही, अशी कुरकुर दर होळीला होते. ती खरीही आहे. आईच्या पोळीला जी चव होती तिच्यात तिचे गार झालेले जेवण मिसळलेले होते; ती चव परत यावी अशी आमची इच्छा नाही.