टीव्ही किती उंचीवर लावायचा?

टीव्ही घेताना दुकानदार इंच विचारतो, बजेट विचारतो. आमच्या चिपळुणात घरची मंडळी आधी वेगळंच विचारतात : लावणार किती उंचीवर? २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्यांना या प्रश्नाचं कारण सांगावं लागत नाही. आमच्या हॉलमधली पाण्याची रेघ केव्हाच रंगाखाली गेली, पण ती कुठे होती हे घरातलं कुणीही बोट ठेवून दाखवेल. पहिला टीव्ही त्या पाण्यात गेला आणि पुढची साडेचार वर्षं आम्ही त्याच्याशिवाय काढली. आधी घर उभं करायचं होतं, मग मुलांच्या फिया होत्या. टीव्हीचा नंबर लागत नव्हता.

तो लागला अब्बांमुळे. वय शहात्तर, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, कान दोन्ही मंद. श्रवणयंत्र आहे. ते मशिदीत जाताना घालतात आणि घरी आल्यावर शिटी वाजते म्हणून काढून ठेवतात. मग मोबाइल पूर्ण आवाजात कानाशी धरून हरम शरीफचं थेट प्रक्षेपण, बातम्या, कधी जुने मुशायरे. अम्मींचं डोकं दुखायचं. त्या काही बोलल्या की अब्बा मुकाट्याने मागच्या खोलीत जायचे. हळूहळू ते तिथेच बसू लागले. जेवणापुरते हॉलमध्ये यायचे. मुलगा कानात बोळे घालून क्रिकेट बघतोय, मुलगी तिच्या कोपऱ्यात, आम्ही वह्या तपासतोय. आमच्या मुंब्र्याच्या आपाचं म्हणणं, घरात ही पेटी आणायचीच कशाला? त्यांचा आम्ही आदर करतो, पण पेटीवर जो आरोप आहे, घर तोडल्याचा, ते काम आमच्याकडे पाच मोबाइलनी पेटी नसतानाच केलं होतं. निदान पेटी सगळ्यांच्या समोर असते. कोण काय बघतंय ते दिसतं.

रमजानच्या आधी घ्यायचा, हे ठरलं. भिशीचे तीस हजार हातात होते. कुवेतच्या भावाने तिकडून आणतो म्हटलं. कोकणातल्या घरांत ही जुनी रीत. पण २०१३ च्या ऑगस्टपासून सपाट पडद्याचा टीव्ही प्रवाशाच्या ड्यूटी-फ्री सामानात धरत नाहीत, आणि तिकडची वॉरंटी इकडे चालेल याचा भरवसा नसतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय. भावाला दुआ दिली आणि इथेच घ्यायचं ठरवलं.

दुकानात सगळे पडदे एकाच वेळी लखलखत असतात. त्यावर फुलं, पक्षी, समुद्र असं खास चित्रित केलेलं चालू असतं आणि रंग सगळ्यात भडक ठेवलेले असतात. त्यावरून घरी काय दिसेल ते कळत नाही. आमच्याकडे डीडी फ्री डिश आहे, तिच्यावरची बरीचशी चॅनेल्स जुन्या, साध्या दर्जाची. फोर-के पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके असतात. साध्या चॅनेलचं चित्र त्या मानाने फारच कमी ठिपक्यांचं, ते ताणून बसवावं लागतं. पडदा जितका मोठा तितकं ते पुसट. म्हणून आम्ही दुकानदाराला साधं चॅनेल लावायला सांगितलं. पंचावन्न इंचांवर निवेदकाचा चेहरा मेणासारखा दिसला, त्रेचाळीसवर बरा होता. आमचा हॉल दहा फुटी. तिथे त्रेचाळीस पुरतो.

दुसरी गोष्ट बाजूने बघायची. आमच्या हॉलमध्ये झोपाळा एका अंगाला आहे आणि अम्मी तिथून हलणार नाहीत. काही पडद्यांत काळा रंग छान गडद दिसतो, पण बाजूला सरकलं की चित्र फिकं पडतं. काहींत काळा थोडा राखाडी, पण कुठूनही बघा, रंग तेच. पहिल्याला व्हीए म्हणतात, दुसऱ्याला आयपीएस. नावं लक्षात नाही राहिली तरी चालेल, दुकानात चार पावलं बाजूला जाऊन बघितलं की समजतं. आम्ही दुसरा घेतला. बाकी खोक्यावर एचडीआर आणि कसले कसले शिक्के असतात. या किमतीत पडद्याला तेवढा उजेडच नसतो, त्या शिक्क्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

सगळ्यात जास्त वेळ आवाजावर गेला. पडदे इतके पातळ झालेत की स्पीकरला समोर तोंड काढायला जागा नाही, ते खाली किंवा मागे वळलेले असतात. आवाज भिंतीवर आपटून येतो. तरुण कानांना ते जाणवत नाही. अब्बांसारख्यांना गाणं ऐकू येतं, शब्द कळत नाहीत, मग ते आवाज वाढवतात. म्हणून आमचा एकच प्रश्न होता : हेडफोन जोडल्यावर टीव्हीचा स्वतःचा आवाजही चालू राहतो का? विक्रेता मुलगा म्हणाला, सगळ्यांत राहतो. आम्ही म्हटलं, दाखव. आमच्या मुलाचा ब्लूटूथ हेडफोन बरोबर नेला होता. पहिल्या दोन टीव्हींत तो जोडताच टीव्ही गप्प! म्हणजे अब्बा ऐकणार आणि बाकीचे मुके चित्र बघणार. तिसऱ्यात आवाजाच्या सेटिंगमध्ये दोन्ही एकत्र चालवायची सोय निघाली. तोच घेतला. विक्रेत्यालाही ते नव्याने कळलं, बिचारा वहीत लिहून घेत होता.

घरी आल्यावर एक अडचण आली. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित मागे पडतो, ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर येतात. सेटिंगमध्ये आवाज पुढेमागे सरकवता येतो, पण त्याने हेडफोनचं जुळवलं की स्पीकरचं बिघडायचं. शेवटी टीव्हीच्या मागच्या ऑप्टिकल जागेत जोडायचा एक बिनतारी हेडफोन आणला. त्याचा छोटा स्टँड टीव्हीखाली असतो, हेडफोन त्यावरच चार्ज होतो. कान पूर्ण झाकणारा आहे, आणि आवाज वाढवायचं बटण अब्बांच्या कानाशीच. श्रवणयंत्र काढून ठेवलं तरी चालतं. टीव्हीचा आवाज आता बाराच्या पुढे जात नाही.

उंचीचा वाद मात्र दोन दिवस चालला. बसल्यावर नजर पडद्याच्या मधोमध यावी, हा साधा नियम. म्हणजे जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास. पुराची रेघ त्याच्या वर. मुलगा म्हणाला, छताजवळ लावू या. अब्बांची मान मागे वळत नाही, त्यांच्यासाठी आणलेला टीव्ही त्यांनाच बघता येऊ नये? त्रेचाळीस इंची टीव्हीचं वजन आठ-दहा किलोच्या आत असतं, ही गोष्ट कामी आली. भिंतीत स्क्रूने आवळून टाकायच्या पट्ट्यांऐवजी वर उचलून काढता येईल असा ब्रॅकेट बसवला, मागच्या सगळ्या तारा एकाच बाजूने घेतल्या. दोन माणसांनी उचलला की माळ्यावर. मुलाने आणि मुलीने मोबाइलवर वेळ लावून करून बघितलं : सहा मिनिटं. नदीचा भोंगा वाजल्यावर तेवढा वेळ मिळतो. माळ्यावर जुनी गादी अंथरून ठेवलीय.

मग नव्या टीव्हीच्या खोड्या सुरू झाल्या. पहिल्या आठवड्यात सगळे सिनेमे मालिकेसारखे दिसायचे, माणसं तुळतुळीत सरकायची. टीव्ही दोन चित्रांच्या मधे स्वतःच्या मनाने एक नवं चित्र घालतो, त्यामुळे असं होतं. सोनीत त्याला मोशनफ्लो म्हणतात, एलजीत ट्रूमोशन, प्रत्येकाचं नाव निराळं. पिक्चर सेटिंगमध्ये मोशन शब्द दिसेल ते बंद करायचं. क्रिकेटला हवं तर ठेवा. त्याच पानावर भडक मोड बदलून सिनेमा मोड घेतला. अम्मींना पहिल्या दिवशी तो पिवळट वाटला, तिसऱ्या दिवशी डोळ्यांचं पाणी थांबलं म्हणाल्या.

इंटरनेट थांबत थांबत यायचं. राउटर आतल्या खोलीत आणि मधे चिऱ्याची भिंत. पाच गिगाहर्ट्झचा वायफाय वेगवान खरा, पण जाड भिंतीपुढे लवकर मान टाकतो. २.४ चा सावकाश असला तरी पलीकडे पोचतो. आम्ही शेवटी दारावरून लॅनची केबल ओढली. दीडशे रुपयांत काम झालं, आणि आतापर्यंत फिरणारं चक्र पुन्हा दिसलं नाही. टीव्ही मंद झाला तर रिमोटने बंद करून उपयोग नसतो, तो नुसता डोळे मिटून असतो. भिंतीवरचं बटण बंद करून मिनिटभर थांबायचं. न वापरलेली अ‍ॅप काढायची. या स्वस्त टीव्हींत जागा आठ-सोळा जीबीच असते.

शेजारच्या भाभींचा टीव्ही परवा असाच काळा पडला, आवाज चालू. मेकॅनिकने फोनवरच पॅनल गेलं म्हणून सांगितलं. पॅनल म्हणजे जवळजवळ नव्या टीव्हीची किंमत. आमच्या मुलाने अंधार करून पडद्याजवळ टॉर्च तिरका धरला. आत पुसट माणसं हलत होती. चित्र आहे, मागचा उजेड गेलाय. एलईडीच्या पट्ट्या बदलल्या की होतं, आणि ते पॅनलच्या मानाने फार स्वस्त. मेकॅनिकला तसं सांगितल्यावर तोही तेच म्हणायला लागला.

एक सेटिंग मात्र प्रत्येकाने शोधून बंद करावं. तुम्ही काय बघता याची माहिती बाहेर पाठवायची परवानगी टीव्ही पहिल्याच दिवशी मागतो आणि आपण घाईत होय म्हणतो. प्रायव्हसीच्या पानावर ती परत घेता येते. मुलांसाठी वेगळं प्रोफाइल आणि पिनही तिथेच जवळपास असतं. अब्बांचं प्रोफाइल वेगळं केल्यापासून त्यांच्यापुढे मुलाच्या क्रिकेटच्या क्लिपा येत नाहीत. त्यांनी दोन दिवसांनी त्या मागून घेतल्या, ही गोष्ट निराळी.

आता मे महिना, म्हणजे विजांचा. स्टॅबिलायझर आहे म्हणून निर्धास्त राहू नये, विजेपुढे त्याचं काही चालत नाही. विजेचा झटका डिशच्या तारेतून आणि लॅनच्या केबलमधूनही येतो, म्हणून नुसता प्लग काढून भागत नाही, त्याही काढाव्या लागतात. अम्मींनी हे काम स्वतःकडे घेतलंय. लांब कुठे गडगडलं की त्या झोपाळ्यावरून उठतात आणि तिन्ही तारा ओढतात. अब्बा हेडफोन उचलून विचारतात, काय झालं? त्यांना गडगडाट ऐकूच आलेला नसतो.