पायाला विचारून घ्या!

साडी घ्यायची म्हटली की आपण तीन दुकानं पालथी घालतो. पोत पाहतो, पदर उलगडायला लावतो, दुकानाच्या दारात नेऊन उजेडात रंग पाहतो, आणि एवढं करून, “पुन्हा येते हं,” म्हणून बाहेर पडतो. आणि पायातलं घेताना? “सहा नंबर आहे का?” एवढं विचारायचं, पायात शिरलं आणि साडीखाली बरं दिसलं की पैसे देऊन मोकळ्या! पटतंय ना, मैत्रिणींनो? ज्या दोन पावलांवर सकाळच्या दुधापासून रात्री ओटा पुसेपर्यंत आपण उभ्या असतो, त्यांच्या वाट्याला आपल्या खरेदीतला सगळ्यांत कमी वेळ येतो.

मी विश्रांतवाडीत राहते, आळंदी रस्त्याला लागूनच. दरवर्षी ज्येष्ठ वद्यात माउलींची पालखी आळंदीहून निघते आणि पुण्यात शिरताना आमच्या रस्त्यानं जाते. पाणी, राजगिऱ्याचे लाडू वाटायला आम्ही बायका सकाळपासून उभ्या असतो. वर्षानुवर्षं उभी राहिल्यामुळे म्हणा, मला एक सवय लागली आहे. दर्शन झालं की माझी नजर वारकऱ्यांच्या पायांकडे जाते. नऊवारी लुगड्याखाली कॅनव्हासचे बूट, प्लॅस्टिकच्या सँडल, झिजून पातळ झालेल्या स्लिपरा, काही पाय तर अनवाणी. पंढरपूर इथून सुमारे अडीचशे किलोमीटर, आणि वाटेत दिवे घाटाची चढण! एका आजींना मी एकदा विचारलं, “आजी, एवढ्या वाटेला नवे बूट नाही का घेतले?” त्या हसल्या. म्हणाल्या, “नवं कधी वारीला घालू नये गं पोरी. घरी दोन महिने वापरायचं, पायाशी त्याची ओळख करून द्यायची, मग निघायचं.” दुकानातल्या कुठल्याही विक्रेत्यानं मला एवढ्या मोलाचं सांगितलेलं नाही.

पायांचा एवढा विचार मी का करायला लागले, तेही सांगते. आमच्या सासूबाईंना मधुमेह. बरीच वर्षं. मधुमेहात पायाची संवेदना हळूहळू कमी होते, हे ऐकून सगळ्यांना माहीत असतं, पण ती कशी कमी होते हे घरात घडल्यावरच कळतं. चपलेचा पट्टा करंगळीला घासत होता. त्यांना दुखलंच नाही. दुखलं नाही म्हणून पाहिलं नाही. जखम चिघळली आणि शेवटी करंगळी काढावी लागली. इस्पितळातून घरी आल्यावर त्या पहिलं वाक्य बोलल्या ते मला. “तुझं वय अजून आहे. चालत राहा.” त्याच वर्षी माझ्याही रक्तातली साखर काठावर आली होती. डॉक्टर म्हणाले, औषध इतक्यात नको, रोज चाला, जमलं तर थोडं धावा.

तेव्हापासून आम्ही पाच-सहा जणी सकाळी दिघीच्या टेकडीकडे जातो. आधी नुसतं चालणं होतं. मग सपाटीवर थोडं धावणं, चढाला चालणं. हळूहळू सिंहगडाची आतकरवाडीची वाट झाली. पन्नाशीच्या बायका पंजाबी ड्रेसमध्ये धावताना पाहून सुरुवातीला लोक वळून बघत. आता टेकडीवर भेटणारे आजोबाच विचारतात, “आज एक जण कमी कशा?”

बुटांचा विषय घरी निघाला तेव्हा आमचे हे म्हणाले, “टेकडी चढायला चार हजारांचे बूट? अगं, बारामतीच्या लता करे अनवाणी धावल्या!” खरंच आहे ते. 2013 साली साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारीत, अनवाणी पायांनी धावून बारामतीची शर्यत जिंकल्या, आणि 2020 साली त्यांच्यावर सिनेमा आला तेव्हा त्यात स्वतःची भूमिकाही त्यांनीच केली. पण त्या का धावल्या? नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते म्हणून. अनवाणी धावणं हा त्यांचा शौक नव्हता, नाइलाज होता. नाशिककडच्या आदिवासी पाड्यावरची कविता राऊतसुद्धा सुरुवातीला अनवाणीच धावायची. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिनं कांस्यपदक मिळवलं, तेव्हा मात्र पायात बूट होते. लहानपणापासून मातीत, दगडात वाढलेला पाय वेगळा आणि वीस वर्षं मोझॅकच्या फरशीवर स्लिपर घालून वावरलेला आपला पाय वेगळा. मी ह्यांना हिशेबही मांडून दाखवला. धावण्याचा बूट साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर चांगली साथ देतो. सातशे धरले, तर चार हजारांच्या बुटाला किलोमीटरमागे सहा रुपयेसुद्धा पडत नाहीत. रिक्षा याहून महाग! त्यावर हे काही बोलले नाहीत, पुढच्या रविवारी दुकानात मात्र बरोबर आले.

आता मुद्द्याचं सांगते. सगळ्या वाटांना चालेल असा एकच बूट नसतो. भाकरीचा तवा वेगळा, आंबोळीचा वेगळा, तसंच हे. बूट उलटा करून आधी त्याचा तळ पाहा. रस्त्यावर धावण्याच्या बुटाचा तळ जवळजवळ सपाट आणि मऊ असतो. डोंगरवाटेच्या बुटाला खाली रबराचे दात असतात. बाकी रंग, चमक, नाव सगळं नंतर. आधी दात मोजायचे!

आपलं रोजचं जाणं घरापासून डांबरी रस्त्यानं टेकडीपर्यंत आणि मग मातीची पायवाट असं असेल, तर तीन-चार मिलिमीटरचे, जवळजवळ बसवलेले दात पुरेत. मोठ्या दातांचा बूट डांबरावर टोचतो आणि दातही भराभर झिजतात.

पावसाळ्यात गोष्ट बदलते. चिखलाच्या वाटेला पाच-सहा मिलिमीटरचे, एकमेकांपासून लांब असलेले दात हवेत. जवळजवळ दात असले की त्यांच्यात चिखल भरतो आणि दोन किलोचा गोळा पायाला बांधल्यासारखं होतं. पण सह्याद्रीत नुसता चिखल नसतो, मध्येच काळा कातळ लागतो. ओल्या कातळावर लांब दातांचा काही उपयोग नाही, कारण दगडाला रबराचा जितका भाग टेकेल तितकी पकड. तिथं मऊ रबर हवं. ओळखायचं कसं? तळाला नख दाबून पाहा. थोडं रुतलं तर रबर मऊ, अजिबात रुतलं नाही तर कडक. मऊ रबर धरतं चांगलं, पण लवकर झिजतं. कडक टिकतं, पण ओल्या दगडावर दगा देतं. दोन्ही गुण एकाच बुटात पुरेपूर मिळत नाहीत, तेव्हा आपण कुठल्या वाटेनं जास्त जातो ते आपलं आपणच ठरवायचं. आणि दगडावर हिरवं शेवाळ दिसलं, तर जगातल्या कुठल्याही बुटावर विश्वास टाकू नका. वळसा घालून जा, नाहीतर बसून उतरा. त्यात कमीपणा कसला?

“पाणी आत शिरत नाही” असे बूट दुकानात आग्रहानं दाखवतात आणि ते महागही असतात. आपल्या पावसात ते मला पटत नाहीत. सलवारीवरून ओघळणारं पाणी वरून, घोट्याजवळून आत जातंच, आणि एकदा गेलं की त्याला बाहेर यायला वाट नाही. दिवसभर डबकं घेऊन चालायचं! त्यापेक्षा जाळीचा बूट बरा. भिजतो, पण चार पावलांत पाणी बाहेर फेकतो. मोजे मात्र सुती नकोत. सुती मोजा पाणी धरून बसतो, ओली कातडी मऊ पडते आणि फोड येतात. नायलॉन-पॉलिएस्टरचे पातळ मोजे घ्या.

दसरा-दिवाळीनंतरचे दिवस टेकडीला सगळ्यांत छान. तेव्हा त्रास एकच, वाळल्या गवताची कुसळं. ती जाळीतून घुसतात आणि मोज्यात अडकून टोचत राहतात. या दिवसांत दाट विणीचा बूट आणि घोट्याच्या वर येणारा मोजा हवा. उन्हाळ्यात माती सुकून मोकळी होते, उतारावर मुरूम आणि बारीक खडी पायाखालून सरकते. त्याला आपल्याकडे घसारा म्हणतात. तिथं धारदार कडांचे दात आणि पुढून बोटांना झाकणारं जाड टोक लागतं. बाभळीची वाट असेल तर तळ जाड पाहा. पातळ तळातून काटा थेट पायात येतो.

एवढं सगळं वाचून, “म्हणजे चार जोड घ्यायचे की काय?” असं म्हणाल. छे हो! रोजचा एक जोड, आणि पावसात डोंगरात जात असाल तरच दुसरा. भारी जोडच हवा असंही नाही. ॲक्शनच्या स्वस्त ट्रेकिंग बुटांवर आपल्याकडच्या कितीतरी पोरापोरींनी गड-किल्ले पालथे घातले आहेत.

आता मापाचं. बूट संध्याकाळी घ्यायला जा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि धावतानाही तसाच सुजतो. जाण्यापूर्वी घरी एक गोष्ट करा. वर्तमानपत्रावर उभ्या राहून दोन्ही पावलांची रेघ ओढून घ्या आणि तो कागद कापून बरोबर न्या. बुटातली आतली गादी काढून त्यावर तो ठेवून पाहा. कागद कडेनं बाहेर आला, तर तो बूट तुमचा नाही, कितीही देखणा असो. बहुतेकींचं एक पाऊल दुसऱ्यापेक्षा मोठं असतं, माप मोठ्या पावलाचं घ्यायचं. बाळंतपणानंतर पाऊल कायमचं थोडं लांब-रुंद होऊ शकतं, तेव्हा लग्नातला नंबर अजून तोच असेल असं धरून चालू नका. कंपनी बदलली की नंबरही बदलतो.

मोजे घालून दोन्ही बूट चढवा आणि उभ्या राहा. सगळ्यांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. नाहीतर उतारावर बोटं पुढं आपटतात आणि नखं काळी पडतात. टाच मात्र घट्ट हवी, चालताना उचलली जाता कामा नये. दुकानाचा जिना दोनदा उतरून पाहा. दुकानदार बघेल, बघू दे! बायकांचा चवडा रुंद आणि टाच अरुंद असते, त्यामुळे चवड्यात आवळत असेल तर पुरुषांच्या जोडातला लहान नंबर मागायला लाजू नका. शेवटी बूट दोन्ही हातांनी वाकवून पाहा. तो चवड्याशी वाकला पाहिजे, मधोमध दुमडला तर परत ठेवा.

आणल्यावर निगाही हवी. भिजलेला बूट उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका, गोंद सुटतो. आतली गादी काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभरानं बदला आणि पंख्याखाली ठेवा. धुलाईयंत्रात तर मुळीच टाकू नका. चांगले बूट जपून ठेवायचे म्हणून माळ्यावर टाकू नका, हेही महत्त्वाचं. काही बुटांच्या तळाचा फोम दमट हवेत न वापरताही कुजतो, आणि दोन-चार वर्षांनी काढून घालावे तर गडाच्या अर्ध्या वाटेवर तळाचा भुगा होतो. बूट वापरण्यासाठीच असतात.

घरात कुणाला मधुमेह असेल, तर आणखी दोन गोष्टी. कोणतंही पादत्राण घालण्याआधी आत हात फिरवून पाहायचं. एखादा खडा, उसवलेली शिवण, पावसाळ्यात तर विंचूसुद्धा असतो. आणि रात्री झोपताना तळवे पाहायचे, वाकता येत नसेल तर आरसा धरून. फोड, लाली, चीर काहीही दिसलं तरी घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवायचं. अनवाणी फिरणं नको, घरातसुद्धा.

आमच्या सासूबाई आता घरातही मऊ, बंद चपला घालतात. रोज पहाटे माझ्याआधी उठून माझे बूट दारात उलटे आपटतात, आत हात घालून बघतात आणि मगच, “हं, जा आता,” म्हणतात. त्यांची एक करंगळी गेली, पण माझे पाय अजून चालताहेत, यावर त्यांचा पहारा आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, आज संध्याकाळी रद्दीतलं एक वर्तमानपत्र काढा आणि त्यावर उभ्या राहा. सासूबाईंचं, आईचं पाऊलही त्याच वेळी काढून घ्या. पेन्सिल धरायला मुलांना सांगा, त्यांना गंमत वाटेल.